मयतावरचं वाचन

त्या वर्षी कालव्याच्या पाण्यावर बर्फ धरलाच नाही. थंडी पडली, माणसांची नाकं लाल झाली, पाण्याला मात्र काही फरक पडला नाही. बर्फ धरला की त्यावर घोड्याची घसरगाडी घालायची, छपरं शाकारायला लागणारा बोरू कापायचा, पेंढ्या बांधून काठाला आणायच्या, ही कामिशोवका गावाची हिवाळ्यातली रीत. उन्हाळ्यात मासे, हिवाळ्यात बोरू. आता बोरू पाण्यात उभा, गाव काठावर उभं, आणि दोघं एकमेकांकडे बघतायत, असं चाललं होतं.

ज्यांच्याकडे छातीपर्यंत येणारे रबरी बूट होते ते पाण्यात उतरले. वाविलाकडेही बूट होते. त्यांना भोकं होती, पण त्याच्या गुडघ्यांशी तुलना केली तर बूटच बरे म्हणायची पाळी होती. तरी तो दोन-तीनदा उतरला. संध्याकाळी त्याच्या बायकोनं, उलितानं, त्याचे पाय गरम पाण्याच्या बादलीत घातले, तेव्हा ते आपलेच आहेत हे त्याला डोळ्यांनी बघून ठरवावं लागलं.

"लागतंय का पाणी?" उलितानं विचारलं.

"पाणी आहे का त्यात?"

"वाफ निघतेय."

"मग असेल."

वाविला खाटेवर पडल्यावर घर चालायचं ते उलिताच्या वाचनावर. डॅन्यूबच्या मुखाशी बेटांवर राहणारे हे जुन्या रीतीचे लोक. इथं माणूस गेला की त्याला पुरेपर्यंत उशाशी उभं राहून स्तोत्रं वाचायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि संपली की पुन्हा पहिल्यापासून. वाचन थांबू द्यायचं नाही. थांबलं तर मेलेल्याला वाटेत अंधार होतो. रात्रीची पाळी चर्चमधले दोन म्हातारे करत. दिवसाची पाळी चाळीस वर्षं उलिताची होती. त्याबद्दल घरचे लोक पिठाचं पोतं, खारवलेले मासे, लोण्याचा डबा, कापडाचा तुकडा, असं ऐपतीप्रमाणे देत.

उलिताचा आवाज सपाट होता. त्यात चढ नाही, उतार नाही. रडणाऱ्या माणसाला त्या आवाजावर डोकं टेकून रडता येई. तिचा मुलगा सिदोर बोरूची गाडी ओढताना बर्फ फुटून आत गेला आणि पाणी मोकळं झाल्यावर चिखलात सापडला. त्याच्यावरही तिनंच वाचलं. एकदाही अडली नाही, एकदाही डोळ्याला रुमाल लावला नाही. गाव थक्क झालं होतं. उलिता स्वतः थक्क झाली नव्हती. तिनं वाचलं होतं, एवढंच.

अडचण अशी, की आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पान दुधात बुडवल्यासारखं दिसे. पुष्कळसं पाठ असल्यानं निभावून जाई. पण एकदा ती एका स्तोत्रातून निघाली आणि तिसऱ्याच स्तोत्रात पोचली, हे म्हाताऱ्यांच्या लक्षात आलं होतं. आणि पलीकडच्या बेटावर वाचणारी बाई वारली, तर तिथल्या लोकांनी पुढच्या मयताच्या उशाशी फोन आणि स्पीकर लावला. वाचन फार सुरेख झालं म्हणे. मध्येच एकदा गाद्यांची जाहिरात लागली, तेवढंच. "जन्मभर पाठ दुखायची त्यांची," असं म्हणून तिथल्या विधवेनं वेळ मारून नेली.

म्हणून उलिताला घाई होती. सिदोरची मुलगी अनफिसा दहा वर्षांची होती. तिची आई इटलीत कुणा श्रीमंत म्हातारीची सेवा करायला गेलेली, रविवारी फोनमध्ये दिसायची. अनफिसा मयतावर वाचायला लागली, गावानं तिला वाचणारी म्हणून मानलं, तर पाळी घरात राहणार होती. नाहीतर स्पीकर होताच.

चर्चच्या मागच्या खोलीत शनिवारी दुपारी उलिताची शाळा भरे. मेणबत्त्यांची थोटकं, फुटकं धुपाटणं आणि शवपेटी ठेवायच्या दोन तिवया, एवढ्या सामानात सात-आठ पोरं बाकावर बसत. आधी अक्षरांची नावं, मग अक्षराला अक्षर जोडून गाणं, मग शब्द, मग ओळ. बोट ओळीखालून हललं पाहिजे आणि तोंड बोटाबरोबर. अर्थ विचारायची पद्धत नव्हती. स्तोत्रांची जुनी भाषा ही घरच्या भाषेची पणजी. चेहरेपट्टी ओळखीची वाटते, पण काय बोलते ते कळत नाही. पणजीला कुणी पुन्हा पुन्हा 'काय म्हणालीस?' असं विचारत नाही. मान हलवतात.

अक्षरांचं पुस्तक संपवून पोर स्तोत्रांकडे वळलं की त्यानं मातीच्या मडक्यातून लापशी आणून मास्तरणीला द्यायची, सगळ्यांनी मिळून खायची आणि रिकामं मडकं पोरांनी काठीनं फोडायचं, असा रिवाज. अनफिसाचं पुस्तक संपलं तेव्हा लापशी उलितानंच शिजवली, उलितानंच स्वीकारली आणि लोणी कमी पडल्याची तक्रारही तिनंच केली. मडकं थेरापोंतनं फोडलं. हा बोरू कापणाऱ्या फेओफानचा मुलगा. अक्षरात कच्चा, फोडाफोडीत तरबेज.

इतकं सगळं सुरळीत चाललेलं असताना नवा पाद्री मार्कियान एका शनिवारी खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. तो शहरात शिकून आला होता. कामिशोवकात माणसाचं वजन दाढीवरून करतात, आणि मार्कियानची दाढी अजून वजनात भरत नव्हती.

"उलिता मावशी, पोरं फार छान वाचतात."

"देवाची कृपा, फादर."

"पण कळतं का त्यांना?"

"काय कळायचं?"

"जे वाचतात ते."

"चुका नाहीत होत त्यांच्या."

"चुकांचं नाही म्हणत मी. अर्थाचं म्हणतोय."

"अर्थ देवाला कळतो ना?" उलिता म्हणाली. "मग झालं. त्याच्यासाठीच तर वाचतोय."

मार्कियान हसला. पुढच्या शनिवारी मात्र तो कागद घेऊन आला. आधी कठीण शब्द आणि त्यांचे घरच्या भाषेत अर्थ, मग स्तोत्र, मग त्यावर प्रश्न. "आता सगळीकडे असंच शिकवतात, मावशी. शब्द समजला की वाचन आतून येतं."

उलिता बाकाच्या टोकाला जाऊन बसली आणि पोरांबरोबर शिकू लागली. दुसरं काय करणार? पहिल्याच दिवशी तिला कळलं, की ज्या शब्दाला ती इतकी वर्षं देवदूताचं नाव समजत होती आणि जो म्हणताना मान लववत होती, तो शब्द म्हणजे टोळ. तिनं हे कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात पाद्र्यानं कागदावर एका पक्ष्याचं चित्र काढलं.

"हा शब्द म्हणजे आपला झोळीवाला पक्षी. स्तोत्रातला माणूस काय म्हणतो? मी ओसाडीतल्या झोळीवाल्यासारखा एकटा पडलोय."

पोरं फिदीफिदी हसायला लागली. झोळीवाले कामिशोवकात थव्यांनी उतरतात आणि चोचीखालच्या पिशवीत गावाचे मासे भरून नेतात.

"एकटा झोळीवाला नसतोच, फादर," थेरापोंत म्हणाला. "असला तर आजारी असतो."

"आमच्या बाबांनी वल्ह्यानं हाणला होता एक," दुसरं पोर म्हणालं.

"तो माणूस दुःखी आहे, असं समजायचं," मार्कियान म्हणाला.

"का? मासे संपले?"

पाद्र्यानं घाईनं पुढचा शब्द घेतला. अनफिसा तेवढी हसली नव्हती. तिनं हात वर केला.

"ओसाडीत पाणी नसतं ना?"

"नसतं."

"मग तो तिथं कशाला गेला?"

"वाट चुकला असेल."

अनफिसाला ते पटलं असावं. तिनं मान हलवली.

असे शनिवार जात राहिले. बर्फ धरला नाही तो नाहीच. वाविला खाटेवरून खिडकीबाहेर बघे आणि कोण किती पेंढ्या आणतोय ते उलिताला सांगे. "फेओफाननं आज पण नाव भरून आणली. बैल आहे बैल." उलिता पिठाच्या पोत्यात हात घालून तळ किती जवळ आलाय ते चाचपे आणि हं म्हणे.

मग तो पाण्याचा धडा आला. शब्द सोपे निघाले: खोल, चिखल, रुतणं, घसा. पोरांनी ते पटकन उचलले. ह्या वस्तूंची गावात टंचाई नव्हती. एका माणसाच्या गळ्याशी पाणी आलंय, पाय चिखलात गेलेत, उभं राहायला तळ सापडत नाही, हाका मारून घसा बसलाय, असं ते स्तोत्र. सगळ्यांनी ते एका सुरात वाचलं. मग पाद्र्यानं प्रश्नांचा कागद काढला.

"हा माणूस कुठं आहे?"

"खाडीत!" थेरापोंत ओरडला. "आणि बूट फाटके आहेत त्याचे!"

हशा पिकला. मार्कियानलाही हसू आवरलं नाही.

"अनफिसा, तू सांग."

अनफिसा उभी राहिली. "पाण्यात आहे."

"पाय कशात आहेत?"

"चिखलात."

"कुणाला हाक मारतो?"

"देवाला."

"शाब्बास! आणि मग कोण येतं?"

अनफिसानं पान उलटून पाहिलं, परत मागं आली. "ते नाही लिहिलेलं."

"सगळी उत्तरं बरोबर!" मार्कियान खूष होऊन म्हणाला. त्याला गावात येऊन वर्षही झालं नव्हतं. ही पोर कुणाची आणि तिचा बाप कसा गेला, हे त्याला संध्याकाळी घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्यानं सांगितलं. मग तो बराच वेळ घंटेच्या दोराशी उभा होता म्हणतात.

घरी उलिता दाराशी बसून मासे साफ करत होती. अनफिसा तिच्यासमोर उकिडवी बसली आणि खवल्यांचा ढीग बोटानं सारखा करत राहिली.

"आजी, ते पाण्याचं स्तोत्र तू बाबांवर वाचलंस?"

"सगळीच वाचतात. त्यात तेही आलंच."

"तेव्हा अर्थ ठाऊक होता तुला?"

"नाही."

"ठाऊक असता तर वाचलं असतंस?"

उलितानं माशाचं पोट चिरलं, आत बोट घालून आतडं ओढून काढलं, मासा पाण्यात हिसळला आणि पुढचा घेतला. "मधलं सोडता येत नाही," ती म्हणाली.

"काय चाललंय दारात?" आतून वाविलानं विचारलं.

"अभ्यास चाललाय," उलिता म्हणाली.

सगळे मासे झाल्यावर तिनं ते स्तोत्र मनात म्हणून बघितलं, ह्या खेपेला अर्थासकट. खोल, चिखल, घसा. तिनं सिदोरचं तोंड आठवलं. ते आठवलं, अगदी लख्ख आठवलं. मग ती वाट बघत बसली. काहीच आलं नाही. वाविलाचे पाय जसे बादलीत होते तसं काहीतरी झालं. पाणी गरम आहे, एवढं तिला माहीत होतं. तिनं हात धुतले आणि चूल पेटवली.

उपवासाचे दिवस लागायच्या आत कोंद्रात नावाचा गावचा बडा माणूस वारला. गावातली मोठी मोटारबोट त्याची, बोरूचा व्यापार त्याचा, आणि अर्ध्या गावाला शिव्या घालायचा हक्कही त्याचाच. उलिता अनफिसाला घेऊन त्याच्या घरी गेली. दारात विधवा स्तेपानिदा उभी होती, मागे शहरातून आलेला तिचा मुलगा येफ्रेम काखेत स्पीकर धरून.

"उलिता, तुझे डोळे..." स्तेपानिदा म्हणाली.

"अनफिसा वाचेल. मी शेजारी उभी राहीन."

"एवढीशी पोर? आमच्या ह्यांना लहान मुलांचा कंटाळा होता."

"आता नाही यायचा."

स्तेपानिदानं मागं वळून स्पीकरकडे पाहिलं. "येफ्रेमनं हे आणलंय खरं. पण त्यातून काय वाजेल त्याचा नेम नाही. वाचू दे पोरीला. पण हे बघ, एकदा जरी अडली तरी मी हे यंत्र लावणार. आणि मग गावात कायमचं तेच लागणार, हे तुलाही कळतं."

"कळतं," उलिता म्हणाली.

कोंद्रात भिंतीवरच्या पवित्र चित्रांखाली, बाकावर शवपेटीत होता, जिवंतपणी कधी दिसला नव्हता इतका समजूतदार. पोथीचं मेज उंच, म्हणून अनफिसाला माशांच्या रिकाम्या खोक्यावर उभं केलं. डोक्याचा रुमाल हनुवटीखाली टाचणीनं घट्ट केलेला, पाठ ताठ. तिनं दोन बोटांनी क्रूस केला आणि सुरुवात केली. आवाज बारीक होता पण सरळ होता. भिंतीशी बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहून माना डोलावल्या. उलिता शेजारी उभी राहून तिच्याबरोबर ओठ हलवत होती. दुपार झाली, मधात कालवलेले गहू सगळ्यांना वाटले, अनफिसानं पाळीच्या मध्ये दोन चमचे खाल्ले आणि पुन्हा खोक्यावर चढली. येफ्रेम स्पीकर मांडीवर घेऊन पेंगत होता.

दुसऱ्या दिवशी उन्हं खिडकीतून कोंद्रातच्या बुटांवर आली होती तेव्हा ते पाण्याचं स्तोत्र आलं.

अनफिसानं पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. बोट तिसऱ्या ओळीवर गेलं आणि तिथंच राहिलं. तोंड उघडं होतं, त्यातून काही येत नव्हतं. चुलीत लाकूड फुटल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला, इतकी खोली गप्प झाली. बायकांनी डोकी वर केली. येफ्रेम जागा झाला आणि वायर शोधू लागला.

उलितानं डोळे मिटले आणि तिसऱ्या ओळीपासून उचललं. सपाट, सरळ, नेहमीसारखं. चिखल आला, तो तिनं वाचला. घसा आला, तोही वाचला. शेजारी अनफिसाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, हुंदका नाही, आवाज नाही, नुसतं पाणी. ते पानावर पडायला लागलं तेव्हा उलितानं वाचता वाचताच चाचपून पोथी जरा पलीकडे सारली. पोथी जुनी होती, शाई पसरली असती.

आणि मग स्तेपानिदा रडायला लागली. नवरा गेल्यापासून तिला रडू आलं नव्हतं. आणावं म्हणून तिनं प्रयत्न केले होते, पण नवरा आठवला की ते मागे जाई. आता ते एकदम आलं. तिचं बघून तिची बहीण, बहिणीचं बघून शेजारणी, असं करत सगळी भिंत रडायला लागली. आपल्यासाठी एवढं कुणी रडेल असं कोंद्रातला स्वतःला वाटलं नसतं. येफ्रेमनं वायर गुंडाळून ठेवली.

पुरून आल्यावर स्तेपानिदानं पिठाचं पोतं, लोण्याचा डबा आणि अनफिसासाठी वेगळं फुलाफुलांचं कापड दिलं. "पोरीनं सगळ्यांना रडवून माझ्या माणसाला वाटेला लावलं," ती दारात जमलेल्यांना सांगत होती. "त्या डबड्याला जमलं असतं का?"

मार्कियान पाद्रीही आला. त्यानं अनफिसाच्या डोक्यावर हात ठेवला. त्या धड्याच्या दिवसापासून तिच्याशी कसं बोलावं ते त्याला कळत नव्हतं, आता कळलं.

"मावशी, ह्याला म्हणतात समजून वाचणं."

"हो का?" उलिता म्हणाली. ती पोत्याचं तोंड बांधत होती.

त्या हिवाळ्यात पाण्यात उभं राहून माणसांच्या छात्या भरत होत्या, त्यामुळं मयतांना खंड नव्हता. आणि प्रत्येक घर आता स्पीकर नको, अनफिसाच हवी म्हणू लागलं. म्हातारी पेलागेया गेली तेव्हा बायका दारातून डोकावून विचारत होत्या:

"ते पाण्याचं आलं का गं?"

"अजून नाही. बरंच पुढं आहे."

"मग मी डुकराला घालून येते."

आणि त्या वेळेवर येत, रुमाल काढून बसत. अनफिसा तिसऱ्या ओळीवर थांबे, डोळ्यांतून पाणी येई, उलिता तिथून उचले, भिंत रडायला लागे. दोघींचं छान जमलं होतं. पुढं पलीकडच्या बेटावरून नाव आली, खास अनफिसाला न्यायला. गाद्यांच्या जाहिरातीचं तेच गाव. तिथं त्यांनी देणगीत नवे कोरे रबरी बूट दिले. वाविलानं ते खाटेवर मांडीवर घेतले, आत हात घातला, वास घेतला आणि खाटेखाली ठेवून दिले. "बघू, बर्फाचं काय होतं ते," तो म्हणाला. तेव्हा वसंत लागला होता.

त्या बेटावर अनफिसा तिसऱ्या ओळीवर थांबली खरी, पण पूर्वीइतकी नाही. पाणी जरासंच आलं. नंतरच्या घरी नुसती थांबली. उलितानं हे पाहिलं म्हणण्यापेक्षा ऐकलं. पोर नाक ओढायची, ते त्या दिवशी ऐकू आलं नाही. बायका रडल्याच. त्यांना आता ती जागा पाठ झाली होती.

बोरूचा हंगाम संपता संपता फेओफान गेला. शेवटच्या पेंढ्या आणायला तो एकटाच आत गेला होता. बुटात पाणी शिरलं, बूट चिखलात बसले, आणि बोरूत हाक लांब जात नाही. दुसऱ्या दिवशी लोकांना तो उभाच सापडला.

घर लहान होतं, गाव सगळं आलं होतं. उलितानं सकाळी अनफिसाला सांगितलं, "तू नको वाचूस आज. म्हाताऱ्यांना सांगते दिवसाही या म्हणून."

"का?"

"बाबांसारखंच झालंय ना त्याचं."

"वाचते मी," अनफिसा म्हणाली आणि टाचणी हनुवटीखाली लावून घेतली.

फेओफानच्या बायकोला दोन शेजारणींनी धरून बसवलं होतं. थेरापोंत शवपेटीच्या पायथ्याशी भिंतीला टेकून उभा होता. त्याला बापाचा कोट घातला होता, बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. बाहेर दोन माणसं बादल्या घेऊन वाळूच्या टेकाडाकडे निघाली. कबरीच्या खड्ड्यात पाणी झिरपत होतं, ते सारखं उपसावं लागत होतं.

अनफिसा माशांच्या खोक्यावर चढली. वाचन सुरू झालं. बायका वाट बघत होत्या. आज तर पोर कोसळणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. एकीनं तर पाण्याचा तांब्या जवळ आणून ठेवला होता. मार्कियान पाद्रीही दाराशी येऊन उभा राहिला.

स्तोत्र आलं. पहिली ओळ. दुसरी. रुमाल निघाले. उलितानं डोळे मिटले आणि उचलायला तोंड उघडलं.

अनफिसानं तिसरी ओळ वाचली. चौथी वाचली. आवाजाला चढ नव्हता, उतार नव्हता. चिखल आला आणि गेला. घसा आला आणि गेला. बोट ओळीखालून सरकत होतं आणि तोंड बोटाबरोबर. उलिताचं तोंड उघडंच राहिलं. मिटल्या डोळ्यांनी तिला कळेना, की हे आपणच वाचतोय की काय. तिनं ओठांना बोट लावून पाहिलं. ओठ हलत नव्हते.

रुमाल हातातच राहिले. फक्त भिंतीशी थेरापोंतनं कोटाची बाही तोंडात कोंबली. अक्षरात तो कच्चा होता, पण ते शब्द त्याला येत होते. मार्कियान पाद्र्यानं त्याच्याकडे पाहिलं, एक पाऊल पुढं टाकलं आणि पुन्हा मागं घेतलं. पोर बाही चावत चावत माणसांच्या पायांमधून वाट काढून बाहेर गेलं. त्याच्या मागं कुणी गेलं नाही. वाचन चालू होतं.

पुरून झाल्यावर फेओफानच्या भावानं पीठ दिलं, सुके मासे दिले. बायका पांगताना बोलत होत्या.

"पोरीला बरं नव्हतं का गं आज?"

"दमली असेल. किती घरं झाली."

"पण अडली नाही हं कुठं. एक अक्षर चुकलं नाही."

"आता तिला कुणी वाचायला शिकवायला नको," रात्रपाळीचा एक म्हातारा म्हणाला. "झाली ती वाचणारी."

बांधावरून दोघी घरी निघाल्या. अनफिसा पुढं, डोक्यावर पिशवी. उलिता मागं, तिच्या खांद्यावर हात ठेवून, कारण बांधाची कड तिला नीट दिसत नव्हती. दोन्हीकडं कापलेल्या बोरूची खुंटं पाण्यातून वर आलेली.

"आज थांबली नाहीस," उलिता म्हणाली.

"कुठं?"

"त्या स्तोत्राला. पाण्याच्या."

अनफिसा दोन पावलं चालली. "आलं होतं का ते?" तिनं विचारलं.

उलितानं खांद्यावरचा हात काढला नाही.  घर येईपर्यंत तो तिथंच होता.

वाविला खाटेवर उठून बसला होता. अनफिसानं पिशवी खाली ठेवली, हात धुतले, ताटल्या मांडल्या. उलितानं माशाचं कालवण वाढलं.

"पोरीनं कसं वाचलं?" वाविलानं विचारलं.

"माझ्यासारखं," उलिता म्हणाली.

"मग काळजी मिटली," तो म्हणाला आणि भाकरी मोडून त्यानं मोठा तुकडा अनफिसाच्या ताटलीत ठेवला. अनफिसानं तो खाल्ला.